श्वेत बटूच्या जादा उष्णतेबाबत झालेली सभा

प्रश्नाला उत्तर देणे हे नागरिकाचे आद्य कर्तव्य आहे आणि कोल्हापुरात ते कोणीही टाळत नाही. रस्ता विचारणाऱ्या पाहुण्याला येथे 'माहीत नाही' असे कधीच ऐकावे लागत नाही. (पाहुणे पोचत नाहीत, पण तो त्यांचा प्रश्न.)

म्हणून नुजहतने केलेला प्रकार आमच्या मंडळाला फार लागला.

नुजहत ही आमच्या गल्लीतल्या बाबालाल टेलरांची मुलगी. ती श्वेत बटूंवर संशोधन करते. श्वेत बटू म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. त्याने गुपचूप थंड होत जावे, असा नियम. पण काही गोळे हिशेबाबाहेर क्ष-किरण आणि अवरक्त किरण सोडतात. यावरचा तिचा लेख परदेशात छापून आला, म्हणून मंडळाने सत्कार ठेवला. फेटा बांधला, भाषणे झाली (एकात ताऱ्यांचा उल्लेखही होता), आणि अध्यक्ष धैर्यशीलरावांनी विचारले, "मग पोरी, एवढी किरणं कशामुळं?"

"अजून म्हाईत न्हाय की, काका. त्येच शोधतोय."

बाबालालभाईंनी मान खाली घातली.

"म्हाईत न्हाय?" सभासद पिराजी उभे राहिले. "मग फेटा कशाला बांधला?"

मुद्दा बिनतोड असल्याने फेटा तात्पुरता उतरवण्यात आला आणि सभेने कारण स्वतःच शोधायला घेतले.

"शेजारच्या ताऱ्यावर आकडा टाकला आसंल," वायरमन कृष्णात म्हणाले.

"बघिटलं, काका. शेजारी ताराच न्हाय."

"मग तुमचं मीटर बाद हाय."

"त्ये बी तपासलं."

"रिटायर झालाय न्हवं त्यो?" बाळाबाई म्हणाल्या. "मग तापणारच. आमचं ह्ये बघा की." (ह्ये पहिल्या रांगेत होते.) टाळ्या झाल्या आणि हे कारण मंजूर होण्याच्या बेतात आले.

नुजहत अध्यक्षांकडे वळली. "काका, असं हात वर करून ठरत न्हाय वो."

तेव्हा बाबालालभाई उठले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिलेले उत्तर त्यांनी सभेला दिले.

"उद्या सांगती ती."

"नक्की?"

"उद्या. नक्की."

निम्म्या सभेच्या पँटी याच मुदतीवर त्यांच्याकडे असल्याने सर्वांचे समाधान झाले. फेटा पुन्हा चढला. अब्बांकडे बघून नुजहत एवढी हसली की तो तिरका झाला.

अवरक्त म्हणजे काय, हे मात्र सभेत कोणीही विचारले नाही. वाचताना आपणही तिथे अडला नाहीत, याबद्दल मंडळ आपले आभारी आहे.