पिवळी गिरणी, जांभळं घर

फकरुद्दीनला अल्लानं तोंड दिलं होतं, पण ते घरात उघडायचं नाही, बाजारात उघडायचं, ही उम्मेहानीची जुनी तक्रार होती. लेकाचं वय बावन्न झालं, डोक्यावरचे केस गेले, पण ही खोड काही गेली नाही. आताही तेच. तिची भाताची गिरणी पुण्याची पार्टी भाड्यानं घेणार, हे कामशेतच्या स्टेशनापासून पवनेच्या रस्त्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. उम्मेहानीला ते कळलं कोथिंबिरीची जुडी निवडताना, आणि तेही भाजीवालीकडून.

घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली नाही.

"फकरू, कोण रं ती पार्टी?"

"अगं अम्मी, मी सांगणारच होतो. मोठी माणसं आहेत. जुन्या गिरणीत लोकांना मुक्कामाला ठेवणार. दिवसा बेडशाची लेणी बघायची, संध्याकाळी गिरणीत येऊन झोपायचं."

"का? त्येंला घरदार न्हाई?"

"तीच तर मजा! भिंतीचे पोपडेसुद्धा तसेच ठेवणार म्हणतात."

"आन माझा हलर?"

फकरुद्दीन आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "भंगारवाला बघून गेलाय," तो म्हणाला.

उम्मेहानीने पिशवी धाडकन खाली ठेवली. नवरा गेल्यावर त्या हलर यंत्रावर तिने एकटीने भात भरडला होता, पट्टा निसटला की स्वतः चढवला होता. मोठ्या गिरण्या आल्या, गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि हलर थांबला, ते खरं. पण थांबलेला माणूस कुणी भंगारात घालत नाही. गिरणी कागदावर फकरूच्या नावे होती. किल्ली मात्र उम्मेहानीच्या कमरेला होती, आणि कमर अजून ताठ होती.

पाहुणे ठेवायच्या परवानगीसाठी फकरुद्दीन सरकारी ऑफिसात गेला आणि तिथं कारकुनाने जमीन वापराचा नकाशा उघडला. नकाशा काढणाऱ्याचा हात कुठं डगमगला कोण जाणे, गिरणी पडली होती पिवळ्या रंगात आणि मागचं राहतं घर जांभळ्यात. पिवळं म्हणजे माणसांनी राहायची जागा. जांभळं म्हणजे कारखाना. सरकारच्या लेखी हे कुटुंब तीन पिढ्या कारखान्यात झोपत होतं आणि राहत्या घरात भात भरडत होतं.

"ही चूक दुरुस्त करा की साहेब," फकरुद्दीन म्हणाला.

कारकून भला माणूस होता. त्याने चष्मा काढून पुसला. "नकाशा दुरुस्त करायचा तर जाहीर नोटीस, हरकती, सुनावणी, मग पुणे, मग मुंबई. तुमची नातवंडं रिटायर होतील. त्यापेक्षा जमीन दुरुस्त करा."

"म्हणजे?"

"गिरणी पिवळ्यात आहे ना? तर तिथं राहा. राहत्या जागेत पाहुणे ठेवायला लगेच परवानगी मिळते. घर जांभळ्यात आहे, तर तिथं कारखाना दाखवा, नाहीतर बेकायदा राहता म्हणून नोटीस येईल. पाहणी होईपर्यंतचाच प्रश्न आहे."

फकरुद्दीनला ते इतकं पटलं, की येताना त्याने कारकुनासाठी चिक्की घ्यायला हवी होती अशी त्याला चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हललं. खाट, कपाट, स्टो, पाण्याचं पिंप गिरणीत गेलं. मोठा हलर पायात बोल्टनं आवळलेला, तो हलेना. त्यावर गोधडी घातली, वर टीव्ही ठेवला. पट्ट्यावर सुनेच्या, नूरच्या ओढण्या वाळत पडल्या. अडगळीतला छोटा हलर घरात आणून सोफ्यासमोर बसवला आणि शोकेसच्या कडेला भाताच्या तुसाची पोती रचली.

"अब्बा असते तर काय म्हणाले असते?" नूरने हळूच विचारलं.

"त्येंनी आधी ह्याला हलरमदी घातला असता," उम्मेहानी म्हणाली.

पाहणीला चैताली मॅडम आल्या. तरुण, गंभीर, नियम तोंडपाठ. नेमके त्याच वेळी बेडशाचे भिमाजी टेम्पोतून भाताची पोती उतरवत होते. हलर घरात नेताना कुणीतरी बघितला होता, आणि मावशीनं गिरणी सुरू केली ही बातमी मॅडमच्या आधी गावोगाव पोचली होती.

"मावशी, कुटं टाकू पोती?"

"त्या मोठ्या मालकाला इचार," उम्मेहानीने लेकाकडे बोट केलं. "मी घरात बसणारी बाई."

आता मॅडमसमोर गिऱ्हाईक परत कसं पाठवणार? फकरुद्दीनने बटण दाबलं. हलर धडधडला, शोकेसमधल्या लग्नातल्या कपबशा त्याच तालावर नाचायला लागल्या आणि तूस उडून मॅडमच्या केसांत बसलं. भिमाजी सोफ्यावर मांडी घालून भाताची राखण करायला लागले.

"उद्योग चालू आहे," मॅडमनी समाधानाने लिहिलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली. नूर घाईघाईत डाळ तिथल्या गॅसवरच विसरली होती.

"हे काय?"

"बॉयलर," फकरुद्दीन म्हणाला.

"इतका लहान?"

"उद्योगच लहान आहे, मॅडम."

"आणि हा फोटो?" भिंतीवर फुलांच्या सेहऱ्यात तरुण फकरुद्दीन नि शेजारी मान खाली घातलेली नूर होती.

फकरुद्दीनने घाम पुसला. "संस्थापक."

भिमाजींनी फोटोकडे पाहिलं, मग फकरुद्दीनकडे, आणि तोंडात तंबाखू टाकली.

मग मॅडम गिरणीत आल्या. उम्मेहानी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. पाहुणी दारात आली म्हटल्यावर तिने आधी पाणी दिलं, मग भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढं केली. मॅडम "ड्युटीवर आहे" म्हणाल्या. "मग ड्युटीला बी वाढते," उम्मेहानी म्हणाली. मॅडम जेवल्या. हात धुतल्यावर त्यांनी कागद उघडला.

"आजी, इथं किती वर्षं राहता?"

काय बोलायचं ते फकरुद्दीनने सकाळपासून तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण घोकलेलंच बोलायचं असतं तर ती शाळेतच राहिली असती.

"जिंदगी गेली हितं," ती म्हणाली. यात तिळाएवढंही खोटं नव्हतं.

"अर्जात लिहिलंय की ही सगळी जागा अकरा वर्षं पाहुण्यांसाठी बाहेरच्या पार्टीला देणार. मग तुम्ही कुठं जाणार?"

मॅडमच्या पाठीमागे फकरुद्दीन दोन्ही हातांनी खाणाखुणा करायला लागला. बाहेर जाणार, गावाला जाणार, लेकीकडे जाणार, असं तो हवेत काढून दाखवत होता. लेकीकडे म्हणजे आपल्या बहिणीकडे, असं त्याला म्हणायचं होतं. उम्मेहानीला मात्र लांबून तो मधमाश्या हाकलतोय असं दिसलं.

"मी कुटं जाऊ, बाई? माझा जनाजा निघंल तवाच मी निघंन."

"म्हणजे तुम्ही इथंच राहणार?"

"हितंच."

"तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का?"

"माझ्यावर?" उम्मेहानीने लेकाकडे असं पाहिलं, की मॅडमना पुढचा प्रश्न विचारायची गरज पडली नाही.

मॅडमनी तिथंच निकाल सांगितला. गिरणी राहती जागा आहे, कबूल. पण त्यात एक वृद्ध स्त्री हयातभर राहणार असल्यामुळे ती अख्खी बाहेर देता येणार नाही. घर उद्योगात आहे, तेही कबूल, आणि उद्योग चालू आहे, उत्तम. तो बंद पडू नये.

"पण मॅडम, रात्री आम्ही घरात..." फकरुद्दीनची जीभ घसरली.

"घरात? उद्योगाच्या जागेत मुक्काम करता येत नाही. मी कधीही येऊन बघेन." मग त्यांनाच थोडी दया आली. "रात्री एक रखवालदार चालेल. एकच."

त्या गेल्या. पुण्याच्या पार्टीने फोनवर सौदा मोडला आणि फकरुद्दीनला शुद्ध मराठीत जे सांगायचं ते सांगितलं. इकडे भिमाजींनी आपला तांदूळ ओंजळीत घेऊन वास घेतला, "मोठ्या गिरणीत असा निघत न्हाई," म्हणाले, आणि वाटेत भेटेल त्याला तेच सांगत गेले. तिन्हीसांजेपर्यंत आणखी दोन टेम्पो आले. उम्मेहानीने गोधडी बाजूला करून टीव्ही खाली उतरवला आणि मोठ्या हलरला तेल घातलं. तो पिवळ्यात होता, मॅडमना कळलं असतं तर आणखी एक कागद झाला असता. पण कुणी बघायला आलंच तर झाकायला गोधडी पुरेशी होती.

दिवे लागले. गिरणीत एक खाट उम्मेहानीची, दुसरी नूरची, मधे हलर. तिसऱ्या खाटेला जागा नव्हती. फकरुद्दीन उशी काखेत धरून दारात उभा राहिला. अंगावर तूस, भुवयांवर तूस.

"अम्मी, तू सगळं घालवलंस. आता मी झोपू कुठं?"

उम्मेहानीने त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"फकरू, तुला जमंल असं काम तुझ्या बापानं धुंडलं, मी जलमभर धुंडलं, आमाला काय घावलं न्हाई. सरकारला एका दुपारत घावलं. काठी दाराआड हाय. जा घराकडं राखणीला, आन झोपू नको."