पाळणा मार्गस्थ आहे

जावकसाहेबांनी पाळणा ट्रान्सपोर्टने पाठवायचं ठरवलं, तिथंच सगळं बिनसलं. (उभी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर जावकेचे शिक्के मारण्यात गेली, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं हे नाव. घरात त्यांचा शिक्का कधीच चालला नाही.)

लेकीचे दिवस भरत आले होते. ज्या पाळण्याची दोरी ओढता ओढता लेकीच्या आधी ते स्वतःच घोरायला लागायचे, त्याच पाळण्यात नातवंडानं निजावं, एवढी त्यांची इच्छा. म्हणजे बाळाच्या आधी पाळणा पोहोचायला हवा. पॉलिश करताना कठड्यावर लेकीच्या पहिल्या दातांच्या खुणा सापडल्या. तेवढी जागा सोडून त्यांनी ब्रश फिरवला आणि डोळे पुसले. (पॉलिशचा वास फार उग्र असतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं.)

ट्रान्सपोर्टवाल्यानं नंबर दिला. "मोबाइलवर बघत राहा, माल कुठं आहे ते कळेल."

साहेब बघत राहिले. 'माल मार्गस्थ.' जेवताना मार्गस्थ, दाढी करताना मार्गस्थ. (एका गालाची दाढी राहूनच गेली.) शेवटी त्यांनी फोन लावला.

"मार्गस्थ म्हणजे नेमका कुठं?"

"रस्त्यात, साहेब."

"कुठल्या रस्त्यात?"

"ते ड्रायव्हरला माहीत. गोदामात कुणी स्कॅन केला तरच आम्हाला दिसतो. मधलं काही दिसत नाही."

"त्यापेक्षा लेकीला विचारा की," बायको म्हणाली.

"तिला कशाला त्रास? इथं सगळं दिसतंय," साहेब म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांचा फोन आला. "बाबा, डिलिव्हरी झाली."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "वा, वा. मोडतोड नाही ना कुठं? सही करण्याआधी उलटंपालटं करून, जरा ठोकून बघा. आणि पाय चारही शाबूत आहेत ना?"

मग जावई जपून म्हणाले, "दोनच आहेत, बाबा. मुलगी झाली."

या वेळी पॉलिशचं नाव न घेता साहेब सरळ रडले. जरा सावरल्यावर म्हणाले, "पण पाळणा राहिला हो रस्त्यात."

"तो कालच आला. आईंना सांगितलं होतं मी."

साहेबांनी बायकोकडं पाहिलं.

"सांगणार होते," ती म्हणाली, "पण तुम्ही मान वर केलीत कधी?"

मोबाइलवर पाळणा अजून मार्गस्थच होता. तेवढ्यात लेकीनं फोन घेतला. आवाज थकलेला होता, पण हसत होती.

"बाबा, ठोकून नाही बघितलं. पण नाक अगदी तुमचं आलंय. माल परत घेतात का, तेवढं विचारून ठेवा."