हो म्हणणाऱ्याचं इंटरनेट

"इंटरनेट इंटरनेट म्हणजे काय, शेवटी एक तारच ना!" असं चष्मेवाले रविवारी सकाळी म्हणाले, तेव्हाच खरं तर त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घ्यायला हवं होतं. पण ती आत भाजी निवडत होती आणि नवऱ्याच्या बढाया ती भाजी निवडताना अर्ध्याच ऐकत असे.

चष्मेवाल्यांचं दुकान खाली, घर वर. जन्मभर काचा घासण्यात आणि केसाएवढे स्क्रू पिळण्यात गेलेल्या माणसाला एका डबीची काय भीती? संध्याकाळी पाच वाजता मुलाशी व्हिडिओवर बोलायचं होतं. बोलताना ज्या खुर्चीत बसायचं, तिच्या मागच्याच फळीवर इंटरनेटची डबी होती आणि तिच्यावर बोटभर धूळ. मुलाला धूळ दिसेल, सुनेला तर दिसेलच दिसेल. म्हणून चष्मेवाल्यांनी सगळ्या तारा उपटल्या, काचा पुसायच्या द्रावणानं डबी पुसली, बारीक ब्रशनं तिची भोकंसुद्धा साफ केली आणि तारा जिथे बसतील तिथे बसवून टाकल्या. डबी चकाचक झाली. फक्त तिचे दिवे पूर्वीसारखे लागेनात. एकच दिवा आपला मिचमिच करत राहिला, आणि इंटरनेट गेलं ते गेलंच.

आता कुणी म्हणेल, गेलं तर गेलं, एक रविवार मुलाचं तोंड नाही दिसलं तर काय बिघडतं? या रविवारी बिघडणार होतं. मुलगा होता दुसऱ्या शहरात, आणि मनानं अगदी चांगला. काही महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, बाबा, आता दगदग पुरे, दुकान देऊन टाका आणि दोघं आमच्याकडे या. चष्मेवाले म्हणाले, हो, पण बघू. मग तो म्हणाला, दुकान घेणारा कुणी शोधू का? चष्मेवाले म्हणाले, हो, पण एवढी घाई कशाला. मग घेणारा सापडला. चष्मेवाले म्हणाले, हो का? बरं बरं.

या माणसाचं हे असंच होतं. त्यांचं कुठलंही वाक्य "हो"नं सुरू व्हायचं. हो म्हणजे तुझं बोलणं कानावर आलं. हो म्हणजे तू माझा चांगला मुलगा आहेस. हो म्हणजे जेवलास का. त्यांना जे खरोखर म्हणायचं असे ते "पण"च्या पुढे असायचं, आणि तिथपर्यंत थांबायला घाईच्या माणसाला वेळ नसे. मुलानं पहिला शब्द उचलला आणि कामाला लागला. आज पाच वाजता तो घेणाऱ्याला स्वतःच्या घरी बोलावून, बाबांच्या समोर व्यवहार पक्का करणार होता. काही कारणानं बोलणं झालंच नाही तर बाबांचा होकार धरून चालेन, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं.

आणि चष्मेवाल्यांना दुकान द्यायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तिनंच बजावलं होतं, "फोनवर तुम्ही पुन्हा हो-हो कराल. समोरासमोर बसून नाही म्हणा." तूच सांग ना त्याला, असंही त्यांनी सुचवून पाहिलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, दुकान तुमचं, "नाही"सुद्धा तुमचंच.

तर चष्मेवाल्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड बाई बोलू लागली. ती बाई नसून यंत्र आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला, कारण त्यांनी आधी तिची चौकशी केली. यंत्र म्हणालं, आपलं इंटरनेट बंद आहे, बरोबर? चष्मेवाले म्हणाले, हो ना. यंत्र म्हणालं, माणूस पाठवत आहोत. फोन ठेवून त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू इंटरनेटचा शोध त्यांनीच लावला होता.

थोड्या वेळानं यंत्राचाच उलटा फोन आला. "आपली अडचण सुटली आहे का? हो किंवा नाही असं उत्तर द्या."

एवढ्या आपुलकीनं विचारणाऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? चष्मेवाले म्हणाले, "हो, म्हणजे काय आहे, तुमचा माणूस अजून यायचाय, पण तुम्ही स्वतःहून फोन केलात हेच…"

"धन्यवाद. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे."

नेमक्या त्याच वेळी बायको खिडकीत उभी होती. गल्लीच्या तोंडाशी खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस आला, त्यानं खिशातला फोन काढून पाहिला, आणि शिडीसकट मागे वळला. वळताना शिडीचं दुसरं टोक न्हाव्याच्या पाटीवर आपटलं. ती ओरडली, "अहो, तो परत चाललाय!" आणि चष्मेवाले एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून जिना उतरले.

शिडीवाला भला माणूस होता. तो म्हणाला, साहेब, तुमची अडचण सुटलीय. चष्मेवाले म्हणाले, अहो, कुठे सुटलीय! त्यानं फोन पुढे धरून दाखवलं, हे बघा, इथे सुटलीय. चष्मेवाल्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं. खरंच सुटली होती. मग ते काय म्हणाले असतील? "हो का? बरं बरं." आणि शिडीवाल्याला त्यांनी जाऊ दिलं. वर आल्यावर हे त्यांनी बायकोला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्यांना खोटं बोलणंही जमत नसे.

दुसऱ्या फोनला त्यांनी ठरवलं की यंत्राला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं. डबी पुसायला म्हणून जरा हलवली होती, असं त्यांनी सुरू केलं. यंत्रानं त्यातला एकच शब्द धरला.

"आपल्याला कनेक्शन दुसऱ्या जागी हलवायचं आहे, बरोबर?"

"हो, हलवली खरी, पण पुसण्यापुरतीच."

"आपली स्थलांतराची विनंती नोंदवली आहे. नव्या घरासाठी शुभेच्छा."

चष्मेवाले फोन हातात धरून बसून राहिले. बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ती हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती हसली नाही.

"बघा," ती म्हणाली. "आता कंपनीनंही तुम्हाला हलवलं."

दुपार कलायला लागली होती. बायको त्यांना खाली दुकानात घेऊन गेली. शटर अर्धंच उघडून तिनं नवऱ्याला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या स्टुलावर बसली. या खुर्चीत चष्मेवाले कधी बसले नव्हते. समोरच्या अक्षरांचा तक्ता त्यांना पाठ होता, पण इथून तो वेगळाच दिसत होता.

"गिऱ्हाइकांना तुम्ही काय सांगता?" तिनं विचारलं.

रोज सांगत होते ते त्यांना आता आठवून सांगावं लागलं. माणसं या खुर्चीत बसली की भिडस्त होतात. ही काच बरी की ही, असं विचारलं तर दोन्हींना हो म्हणतात. दिसत नसलं तरी दिसतं म्हणतात, समोरचा एवढी मेहनत घेतोय म्हणून. मग चुकीचा नंबर घेऊन जातात आणि वर्षभर डोकं दुखतं. म्हणून चष्मेवाले प्रत्येकाला सांगत, नाही म्हणायला लाजू नका, तुम्ही नाही म्हणाल तरच नंबर निघेल.

"मग," बायको म्हणाली, "दुकान द्यायचं का?"

"हो, पण…" चष्मेवाले म्हणाले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा हो स्वतःच्या कानांनी ऐकला. अगदी यंत्राला ऐकू गेला असेल तसाच.

मग ते हळूहळू बोलायला लागले. नवा चष्मा लावून माणूस दुकानाच्या पायरीवर जातो ना, तिथे थांबतो. समोरचं झाड तो रोज बघतो, पण त्या दिवशी त्याला पानं सुटी सुटी दिसतात. तो काही बोलत नाही, नुसता उभा राहतो, आणि मग जातो. ते बघायला म्हणून दुकान उघडावंसं वाटतं. मुलाच्या घरी सगळं सुख आहे, पण तिथे उठून बघायचं काय?

इतक्या वर्षांत हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला भरून आलं, आणि थोडा रागही आला.

"हे सांगा की त्याला."

"एवढं लांबलचक कोण ऐकून घेणार?"

"म्हणून आधी नाही म्हणा. मग तो का म्हणून विचारेल. मग सांगा."

हे चष्मेवाल्यांना पटलं. नाही म्हटलं की समोरचा थांबतो, का ते विचारतो, थोडा आग्रह करतो, आणि त्या आग्रहाच्या फटीतून आपलं म्हणणं आत सरकवता येतं. मग बायकोनं विचारायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं, असा सराव झाला. सुरुवातीचे काही "नाही" खोकल्यासारखे निघाले. पण पुढे पुढे त्यांना गोडी लागली, आणि बायकोनं चहा घेणार का विचारल्यावर तेही नाहीवर गेलं. ते "नाही" मात्र तिनं मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या फोनला ते उभे राहून बोलले. आपली अडचण सुटली आहे का? नाही. कनेक्शन हलवायचं आहे का? नाही. आपण आमचे ग्राहक आहात का? नाही! हा जरा भरात गेला, पण यंत्र त्यानंच गडबडलं. आपलं बोलणं समजलं नाही, आमच्या प्रतिनिधीशी जोडून देत आहोत, असं म्हणून ते गप्प झालं, आणि एक खरीखुरी, सर्दी झालेली मुलगी फोनवर आली.

तिनं डबीवर किती तारा आहेत ते विचारलं, मग जाड तार काढून ती एकेका भोकात घालायला लावली. प्रत्येक वेळी ती नाक ओढून विचारे, "आता बरं की आधी बरं?" चष्मेवाल्यांना फार बरं वाटलं. हा प्रश्न त्यांचा होता. ते फळीला नाक टेकवून दिव्याकडे टक लावून बघत होते आणि उत्तर द्यायची मुळीच घाई करत नव्हते. नाही. नाही. अजून नाही. मग सगळे दिवे लागले, तरीही त्यांनी खात्री होईपर्यंत थोडा दम धरला आणि मग म्हणाले, "हो." या "हो"पुढे "पण" नव्हता. सकाळी त्यांनीच जाड तार भलत्या भोकात घातली होती, हे त्या मुलीनं काही बोलून दाखवलं नाही. बायकोनं दाखवलं.

पाच वाजता दोघं कपडे बदलून खुर्च्यांत बसले. पडद्यावर मुलगा आला, सून आली, कडेला इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ दिसू लागला. तोच दुकान घेणारा. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग मुलगा म्हणाला, "बाबा, मग यांना आपलं नक्की सांगू ना?"

बायकोनं टेबलाखालून नवऱ्याचा हात धरला.

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "दुकान द्यायचं नाही. आम्ही इथेच राहणार."

पडद्यावर सगळे थिजले. मुलाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. बायको हळूच म्हणाली, गेलं वाटतं पुन्हा. पण मुलाच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. इंटरनेट गेलेलं नव्हतं. मुलगा गप्प झाला होता.

चष्मेवाले पुढे सरकून बसले. पायरी, झाड, सुटी सुटी पानं, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. आता तो का म्हणून विचारणार होता.

"ठीक आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

त्यानं त्या गृहस्थांची माफी मागितली. ते चहा पिऊन निघूनही गेले. सुनेनं गुडघ्यांची चौकशी केली, तब्येतीला जपा म्हणाली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं चष्मेवाल्यांना वाटलं. तसं वाटलं नसतं तर बरं, पण त्या दिवशी चित्र फारच स्पष्ट होतं. मग पुढच्या रविवारी बोलू असं म्हणून मुलानं फोन बंद केला.

बायको आनंदानं उठली. चष्मेवाले तसेच काळ्या पडद्याकडे बघत बसले होते.

"आता काय झालं? दुकान राहिलं ना?"

"राहिलं," ते म्हणाले. "पण लगेच ठीक आहे म्हणाला गं. असं कसं बाबा, तुम्हाला यायलाच पाहिजे, असं एकदा तरी म्हणायचं की नाही?"

"आणि म्हणाला असता, तर?"

चष्मेवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"तर काय," ते म्हणाले, "आत्ता बॅगा भरत असतो."