मारोतरावांचे धूमकेतू

आमचे शेजारी मारोतराव यांना "कसं काय?" असं विचारलं की ते तब्येत सांगत नाहीत, धूमकेतूंची ये-जा सांगतात. "एक गुरूच्या पुढं गेला. दुसरा येऊन राहिला. बाकी लाइन क्लिअर." मी मुदखेडच्या शाळेत दिवसभर विज्ञान शिकवतो, मग सरकारला हवी असलेली माहिती ऑनलाइन भरतो, आणि पार मरगळून घरी येतो. फाटक उघडताना माझी एकच इच्छा असते, की आज सूर्यमालेत काही घडलेलं नसावं. पण घडलेलं असतंच.

मारोतराव जंक्शनवर पॉइंट्समन होते. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी आकाशाचा कारभार हाती घेतला. मंगळ आणि गुरू यांच्या मधले लघुग्रह म्हणजे त्यांच्या लेखी मालगाडीच्या गोल फिरणाऱ्या वाघिणी. उल्का म्हणजे धूमकेतूनं जाता जाता सांडलेली खडी. "आपली पृथ्वी दरसाली त्याच जागेवरून जाती, अन् खडी आपल्या डोक्यावर. त्यात नवल काय?"

धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या उलट बाजूला असतं. त्यामुळे तो सूर्यापासून परत जाऊ लागला की शेपूट पुढं आणि तोंड सूर्याकडं. "निजामाच्या दरबाराची रीत हाय ही," मारोतराव म्हणायचे, "जाताना पाठ दाखवायची न्हाई." मी त्यांना सूर्याकडून सुटणारा वारा समजावून सांगितला. ते म्हणाले, "वारा असंल. पर अदब बी हाय." मी नाद सोडला.

हसू येतं, पण घरात ते एकटे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, गयाबाईंच्या, भाचीचं लग्न हिमायतनगरला होतं. आदल्या रात्री मारोतराव गच्चीवर उल्का मोजत बसले आणि सकाळी असे घोरत पडले की त्यांची गाडी चुकली. गयाबाई एकट्याच आहेर घेऊन गेल्या. मांडवात जो तो विचारी, "पाव्हणे कुठायत?" काय सांगणार? त्या भावाकडेच राहिल्या आणि निरोप धाडला, आणायला या, मग येते.

मारोतराव गेले नाहीत. "गेली आपल्या पायानं, येईल आपल्या पायानं," हे त्यांचं उत्तर. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "फेरा लांबचा हाय. सूर्यापासून लांब गेलं की चाल मंदावतीच. एकदा वळली की बगा कशी सुसाट येती." तोवर स्वतःच्या हातानं पिठलं ढवळायचे, आणि हिमायतनगरकडून गाडी यायच्या वेळेला स्टेशनवर 'सहज' चक्कर मारायचे. तिथून ते परतताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

यंदा विज्ञान दिनाला पाहुणा मिळेना, म्हणून मी त्यांनाच शाळेत बोलावलं. भाषण झकास झालं. शेवटी ते म्हणाले, "पोरांनो, एक ध्यानात ठेवा. आलेला धूमकेतू परत येतोच. येळ लागतो, पण येतोच."

माझ्यातला मास्तर नको तेव्हा जागा होतो. मी उठून म्हणालो, "सगळेच नाही हं. काहींचा वेग इतका असतो की ते एकदाच येतात आणि कायमचे निघून जातात." मुलांनी वहीत लिहून घेतलं. मारोतरावांनी शाल-नारळ घेतला आणि चहा न पिता गेले. आपण काय बोलून बसलो, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री.

"सर, एक सांगा. सूर्य त्याला ओढत असतोच ना?"

"ओढतो की. शेवटपर्यंत ओढतो."

"मंग सूर्य सोता जागचा हलतो का कधी?"

मला शाळेची घाई होती, पण या वेळी जपून बोललो. "हलतो. ग्रह सूर्याभोवती फिरतात, तसा त्यांच्या ओढीनं तोही थोडा सरकतो. दुसऱ्याला ओढायचं म्हटलं की स्वतःही थोडं ओढलं जावंच लागतं."

"एवढा मोठा असून?"

"एवढा मोठा असून."

ते घरात जाऊन एक पातेलं आणि पिशवी घेऊन आले. मग म्हणाले, "पिठल्याचं पातेलं तेवढं तुमच्या घरी ठेवा, नासंल," आणि पिशवी उचलून स्टेशनकडे निघाले.

संध्याकाळी हिमायतनगरहून त्यांचा फोन आला. मागून बाईमाणसाचा चढा आवाज येत होता. भाचीच्या लग्नापासूनचा सगळा हिशेब चुकता होत असावा. मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले, "सर, ती लई भांडून राहिली."

"मग आता काय करता?"

"काई न्हाई. ऐकून राहिलो." त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "तीन साल झाले सर, कोणी भांडलंच नव्हतं माझ्याशी."