कपाटातलं वायफाय

उंब्रजच्या नाथाजी फौजींनी घरात वायफाय घेतलं ते गरज होती म्हणून नव्हे, समोरच्या हंबीररावांनी घेतलं म्हणून. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून गावातला एकही माणूस त्यांना शहाणा वाटला नव्हता. आपण सिग्नलच्या पलटणीत होतो, हे ते भेटेल त्याला सांगत, आणि ते खरंही होतं. फक्त तिथं त्यांच्या हाती वायरलेसचा सेट नव्हता, भाजीचा झारा होता. एवढा तपशील ते गाळत.

जोडणी झाली तशी त्यांची लेक अंकिता म्हणाली, "आप्पा, राऊटर सोप्यात उंचावर मोकळा ठेवायचा. त्यातनं लहरी चारी बाजूंनी जात्यात. भिंत आडवी आली की कमी व्हत्यात, आन् लोखंड आलं की संपलंच."

"वायरलेस मला शिकवतीस? आमी डोंगरापल्याड बोलायचो. तितं काय डोंगर बाजूला सारत हुतो?"

आणि नाथाजींनी राऊटर आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. मागच्या पत्र्याला भोक पाडून वायरी आत घेतल्या, दार लावलं, किल्ली फिरवली. धूळ नाही, पाल नाही, चोर नाही.

"आवं, माज्या शालूला त्याची ऊब लागतीया," विजयमालाबाई म्हणाल्या.

"लागू दे. कसर तरी लागनार न्हाई."

व्हायचं तेच झालं. कपाटाला पाठ लावून बसलं तर मोबाइलवर एखादी दांडी उगवायची. सोप्यात आलं की तीही मावळायची. अंकिताची पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत ठरली होती, घरबसल्या, लॅपटॉपवर. बी.सी.एस. झाल्यावर आलेलं हे पहिलंच धड बोलावणं. तिनं पुन्हा विनवलं, "आप्पा, एक दिवस तरी भाईर काढा त्येला."

पण नाथाजींना रोगाचं मूळ सापडलं होतं. ते पाटाच्या पाण्यावर वाढलेले. वरचा माणूस मोटर लावून पाणी ओढतो आणि खालच्याचा ऊस वाळतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"सिग्नल कमी न्हाई, कुनीतरी वडतंय," ते म्हणाले. "आन् वडनारा समोरच ऱ्हातोय. एवढ्याशा राऊटरवर त्येच्या घरात सगळी दिवसभर मोबाइल बगत बसत्यात. कसं पुरंल?"

त्यांनी कपाटाशी बसून पासवर्ड बदलला, कुणाला कळू नये म्हणून मनात न म्हणताच टाइप केला, आणि तो अर्थातच त्यांनाही कळला नाही.

अंकितानं मग बापाचा नाद सोडला. हंबीररावांची सून शिवांजली तिची मैत्रीण. तिच्याकडून तिनं त्याच संध्याकाळी गुपचूप त्यांच्या वायफायचा पासवर्ड आणला आणि लॅपटॉपला जोडला. हंबीररावांचा राऊटर रस्त्याकडच्या भिंतीवर उघडा होता; अंगण ओलांडून सिग्नल थेट सोप्यात यायचा. बापाची कटकट नको म्हणून तिनं त्यांना न सांगता त्यांचा मोबाइलही त्यालाच जोडून दिला.

मुलाखतीच्या सकाळी विजयमालाबाई बारशाला मलकापूरला गेल्या, आणि नेहमीप्रमाणे कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला गेली. अंकिता दार लावून लॅपटॉपसमोर बसली. नाथाजींनी अंगणात मोबाइल उघडला, तर दांड्या पूर्ण. व्हिडिओ पाण्यासारखा धावत होता.

पासवर्ड बदलला आणि सिग्नल आला. चोर सिद्ध झाला. असला मोका नाथाजी सोडणार नव्हते. ते तडक हंबीररावांच्या दारात गेले.

"हंबीरराव, दुसऱ्याच्या पाटाला मोटर लावायची सवय कवापास्नं?"

हंबीरराव गव्हाणीत वैरण टाकत होते. "कसली मोटर?"

"माजं वायफाय चोरत हुता ती. काल पासवर्ड बदलला, आज बगा सिग्नल. तुमाला घेता आलं, पन चालवता येत न्हाई. अडानी मानसानं यंत्राच्या नादाला लागू नये."

हंबीररावांनी हात झटकले, नाथाजींचा दंड धरला आणि त्यांना घरात भिंतीपाशी नेलं. "ह्यो माजा राऊटर. तुमचंच वायफाय वापरतोय न्हवं मी? मग ह्यो बंद केला तर तुमचं काय जातंय?" आणि त्यांनी बटण दाबलं.

नाथाजींच्या मोबाइलवरचा व्हिडिओ थांबला. त्यांनी मोबाइल हलवला, दारातून उन्हात धरला. एकही दांडी नव्हती.

"माजं कसं गेलं?" ते पुटपुटले.

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं आणि अंकिता अनवाणी धावत आली. "तात्या, नेट का बंद केलं? माजी मुलाखत चाललीया तुमच्या वायफायवर. सायब ईचारत हुते आन् सगळं गेलं."

नाथाजींना आपली मान कुठं वळवावी कळेना. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. हंबीररावांनी एकदा बापाकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि बटण परत दाबलं.

"लॅपटॉप घिऊन हितंच ये, बाई. राऊटरखालीच बस. शिवांजली, पंखा लाव गं, आन् पोरांना मागल्या दारी ने."

अंकिता पुन्हा जोडली गेली. "गावाकडं असं होतं," म्हणून पलीकडच्या साहेबांनी समजून घेतलं. बंद दारातून तिचा आवाज बाहेर येत होता, आधी कापरा, मग सावरलेला, मग चक्क हसरा. नाथाजी पायरीवर बसले होते. जायची सोय नव्हती आणि बसायला तोंड नव्हतं. त्यांनी एकदा माफीसाठी घसा खाकरला. पण तोंडातून भलतंच काहीतरी निघेल अशी भीती वाटून ती माफी तशीच गिळली.

हंबीरराव चहा घेऊन आले. एक कप त्यांच्या हातात देऊन शेजारी बसले. नाथाजींच्या खिशातला मोबाइल वाजला. सवयीनं त्यांनी काढून पाहिला.

"लागलं का?" हंबीररावांनी विचारलं.

नाथाजींनी चहाचा घोट घेतला, दांड्यांकडं पाहिलं आणि नाक मुरडलं.

"लागलंय," ते म्हणाले. "पन जरा दमानं चालतंय."