नोझल अकाली जळण्याची अकरा कारणे

"परत जळलं वाटतं," भिंतीपलीकडून थाक पुटपुटला. लोखंडी दारं बनवणाऱ्या माणसाचं पुटपुटणं पुढच्या गल्लीतही ऐकू जातं. बोकसुन तर दोन हातांवर होती. तिने न ऐकल्यासारखं केलं.

कोणत्याही यंत्रातला दोष हा यंत्राचाच असतो, माणसाचा नसतो. या तत्त्वावर कोरियातल्या सोल शहराच्या मुल्ले भागाचा निम्मा लोखंडी धंदा उभा आहे. बोकसुनचं प्लाझ्मा कटिंगचं दुकान त्यावर एकतीस वर्षं उभं होतं. दाबाची हवा विजेने पेटवायची आणि पोलाद काकडीसारखं चिरायचं, एवढंच काम. (काकडी स्वस्त पडली असती, असं नवऱ्याचं मत.) तिने कापलेल्या कडेला कानस लावावी लागत नसे. नवरा कापे तेव्हा कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसे. म्हणून तो कॉफी करी.

हातात धरून कापायच्या टॉर्चच्या टोकाला तांब्याचं छोटं नोझल असतं. ते पत्र्याला टेकलं की जळतं. पूर्वी एक आठवडाभर पुरे. या वसंतापासून दोन दिवसांत जळू लागलं. बोकसुन शिस्तीची. तिने वहीत सविस्तर तक्ता आखला.

कारण एक, हवेतला दमटपणा. उपाय: नवी गाळणी, ऐंशी हजार वॉन. दोन, विजेचा दाब. वीजवाला आला, तारा पाहिल्या, "ठीक आहे" म्हणाला. (खर्च: कॉफीच्या दोन पुड्या.) तीन, हलकं तांबं. मोटरसायकलवरून नोझल विकणाऱ्या नामला फैलावर घेतलं. त्याने पडलेल्या चेहऱ्याने दुप्पट नोझल विकली. चार, काळ्या चष्म्याची काच, तीनदा बदलली. पाच, शेजारच्या प्रेसचे हादरे. सहा, नवऱ्याची शिट्टी. असं करत यादी दहापर्यंत गेली. दहाही कारणांचा बंदोबस्त झाला, नोझल जळतच राहिलं. यावरून कारणं बरोबर असून नोझलच हट्टी आहे, हे सिद्ध झालं.

अकरावी ओळ कोरी राहिली. पानावर जागा उरली होती, इतकंच.

गल्लीनेही आपल्या परीने हातभार लावला. गिऱ्हाइकाने पत्र्यावर खडूने रेघ मारून द्यायची आणि बोकसुनने रेघेवरून कापायचं, ही इथली रीत. पूर्वी रेघ दोऱ्याएवढी असे. हल्ली कोणी काही न बोलता बोटाएवढी मारू लागले. थाक तर अंगठ्याएवढी. बोकसुनने नोंद केली: 'सदर इसमांना आता रेघही मारता येत नाही. हात थरथरतात. वय झालं बिचाऱ्यांचं.'

(वाचकांनी हा कागद डोळ्यांपासून किती लांब धरला आहे, हे आम्ही विचारणार नाही. उजेडच कमी असेल.)

पण अंगठ्याएवढ्या रेघेला कडा दोन असतात. थाकला बाहेरची हवी होती, बोकसुनने आतली कापली. बालवाडीचं दार चौकटीत अंगठाभर तोकडं पडलं आणि थाकच्या खांद्यावर बसून दुकानात परत आलं.

"रेघेचंच चुकलं, वहिनी," थाक म्हणाला. "फार जाड झाली."

"मग इतकी जाड मारता कशाला, भाऊजी?"

थाक छत न्याहाळू लागला. नोझल घेऊन आलेला नाम पिशवीतली नोझल पुन्हा मोजायला बसला. नवऱ्याने तिच्या कपात कॉफीची तिसरी पुडी ओतली.

"हवा दमट आहे ना," तो म्हणाला.

"खडखडीत कोरडी आहे. ऐंशी हजार घातलेत तिच्यात."

कोणी हसलं नाही. बोकसुनने कोपऱ्यातल्या टॉर्चकडे पाहिलं, मग कॉफी ढवळणाऱ्या नवऱ्याच्या हाताकडे. मग वही उघडली. हात लांब केला, आणखी लांब केला. हात संपला, अक्षरं काही लागेनात. तिने पेन थाकच्या पुढ्यात धरलं.

"अकरावी ओळ तुम्हीच शोधा, भाऊजी, आणि लिहा. 'मला दिसत नाही.'" ती थांबली. "आणि जरा जाड लिहा."