बुधवारचा रविवार

वहिनींचे केस सुकायला दुपार व्हायची. भल्या पहाटे धुवायचे, टॉवेलात गुंडाळायचे, मग गॅलरीत कठड्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं आणि सगळा संभार कठड्यावरून बाहेर सोडून द्यायचा, असा त्यांचा दर रविवारचा क्रम होता. केस गुडघ्यापर्यंत. ओले बांधले की त्यांना कुबट वास आणि वहिनींना शिंका. त्यामुळे ते सुकेपर्यंत कुठे जाणं नाही, येणं नाही. आठवडाभर चष्म्याच्या दुकानातलं काउंटर सांभाळायचं आणि रविवारी केस सांभाळायचे.

सकाळची प्रार्थनाही त्या तिथेच बसून करत. हा नेम मात्र रोजचा. डोळे मिटून, मौन धरून. ऊन कठडा ओलांडून पावलांशी आलं, पायांना ऊब लागली, की मौन सुटे. मध्येच कुणी हाक मारली तर त्या नुसता हात वर करत. त्याचा अर्थ ‘थांबा’ असा होता. घरात हे माहीत होतं. बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

एका संध्याकाळी वहिनींच्या ताईची मुलगी दुकानात आली. ती केस कापण्याच्या पार्लरमध्ये कामाला होती आणि लोकांशी बोलताना आधी त्यांच्या डोक्याकडे बघायची.

“मावशी, आई पुढच्या महिन्यात दादाकडे राहायला चाललीय. कायमची. तिकीटसुद्धा आलं. तू एकदा तरी येणार आहेस का दिवसभरासाठी?”

वहिनींच्या हातातली चष्म्याची काडी तशीच राहिली. ताई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिला सुट्टी रविवारचीच.

“अगं, यायचंय गं मला. पण रविवारी माझे केस...”

“बुधवारी धू. बुधवारी तुझी ड्यूटी दुपारी दोनची असते ना?”

“बुधवारी? असं कसं?”

“कसं म्हणजे? पाण्यानं. डोक्याला वार कळत नाही मावशी. तुझे केस कोरडे, आठवड्यातून एकदा धुतले की भरपूर झालं. रोज रोज धुऊन केसांची केरसुणी करून घेतलेल्या बायका येतात माझ्याकडे. पण रविवारीच धुवायचे, हे तुला कोणी सांगितलं?”

वहिनींनी आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, मी उद्या केस धुणार आहे.”

वर्तमानपत्राच्या मागून ‘हं’ आलं. या ‘हं’वर इतकी वर्षं संसार सुरळीत चालला होता. वहिनी निश्चिंत झोपल्या.

बुधवारी पहाटे केस धुऊन त्या गॅलरीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या मजल्यावरचा बसवाला शाळेची बस चालवायचा. बस इमारतीसमोरच उभी असे. फडकं घेऊन तो काच पुसायला गेला आणि सवयीनं वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून केस सुटले होते. फडकं थांबलं.

“आयला! आज रविवार?”

तो तसा जबाबदार माणूस होता. नुसत्या केसांवर त्यानं भरवसा ठेवला नाही.

“वहिनी! आज सुट्टीच ना?”

वहिनींचा हात वर झाला.

“तेच म्हटलं,” असं म्हणून बसवाला घरी गेला आणि पांघरुणात शिरला. त्याच्या जुळ्या मुली दप्तर पाठीला लावून दारात उभ्या होत्या. आज बुधवार आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण बुधवारी गणिताची परीक्षा होती. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि आवाज न करता दप्तरं खाली ठेवली.

तळमजल्यावर घड्याळवाले काका किल्ली घेऊन दुकान उघडायला आले. त्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती. सगळ्यांत वेळ बिनचूक, वार एकातही नाही. बस जागची हलली नव्हती. वर केस होते. काका स्वतःशीच हसले, “म्हातारपण, दुसरं काय!” आणि किल्ली खिशात टाकून फिरायला गेले.

तिसऱ्या मजल्यावर त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका बाई राहत. बाईंची आयुष्यात कधी चूक झाली नव्हती, निदान तसं त्यांना तोंडावर सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. साडीच्या निऱ्या खोचता खोचता त्यांनी गॅलरीतून खाली नजर टाकली. केस. बस. बंद शटर. बाईंनी निऱ्या सोडल्या, गाऊन चढवला आणि बऱ्याच दिवसांनी लोळायचं ठरवलं.

त्यांना डुलकी लागते न लागते तोच फोन वाजला. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा.

“बाई, बस आली नाही अजून. आणि तुम्हीही... आज सुट्टी आहे का?”

“सुट्टी नाही तर काय? सुट्टीच्या दिवशी फोन करून असले प्रश्न विचारता? मुलांना शिकवता तरी काय तुम्ही?”

सर दचकले. समोर कॅलेंडर होतं, त्यावर बुधवार होता. पण बाईंच्या आवाजापुढे कॅलेंडरचं काय चालणार! त्यांनी फाटकावर जाऊन, चालत आलेल्या मुलांना घरी पाठवलं. मुलांनी कारण विचारलं नाही.

वहिनींचा नवरा नऊच्या सुमाराला दात घासत गॅलरीत आला.

“वा! काय झोप लागली! उठवलं नाहीस ते बरं केलंस.”

ऊन नुकतंच वहिनींच्या पावलांशी आलं होतं. त्यांनी हात जोडले, डोळे उघडले.

“अहो, तुम्ही ऑफिसला नाही गेलात?”

“रविवारी?”

“आज बुधवार आहे.”

“बुधवार कसा असेल?” नवरा ब्रश तोंडातून काढून म्हणाला. “तुझे केस ओले आहेत!”

एवढं बोलून तो आत वळला आणि पाच मिनिटांत एका पायात मोजा घालून जिन्यावरून पळाला. पळता पळता ‘बुधवार! बुधवार!’ असं तो स्वतःलाच बजावत होता, ते प्रत्येक मजल्यावर ऐकू गेलं. एकेक दार उघडलं. बसवाला बनियनवरच बसमध्ये चढला. काकांच्या शटरचा खडखडाट झाला. बाई मात्र हळू आल्या. पाहणाऱ्याला वाटावं, त्या मुद्दामच उशिरा निघाल्या आहेत.

रात्री वहिनी दुकानातून आल्यावर जिन्यातच बैठक बसली.

“वहिनी, तुम्ही हात वर केलात,” बसवाला म्हणाला. “नाहीतर मी झोपलो असतो का?”

“मी ‘थांबा’ म्हणत होते, भाऊजी.”

“मग थांबलोच की मी! दिवसभर.”

बाई घसा खाकरून म्हणाल्या, “मुळात आठवड्यातून एकदा धुणं हेच चूक. मी दोनदा धुते.”

“तुमचे केस मानेपर्यंत, बाई,” काका म्हणाले. “आमची ही महिन्यातून दोनदा धुवायची. शेवटपर्यंत दाट होते.” त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. “ते काही असो. पण वार बदलू नका हो वहिनी. त्या केसांवर माझा आठवडा चालतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्यानंही डोलावली.

वहिनी कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. “माझी ताई कायमची चाललीय. तिला रविवारचीच सुट्टी. इतकी वर्षं तिनं बोलावलं आणि मी केस सुकवत बसले. या रविवारी मी जाणार आहे.”

बसवाला हळूच म्हणाला, “जा ना वहिनी, जायलाच पाहिजे. पण मग आम्हाला रविवार कळायचा कसा?”

“कॅलेंडर बघून,” जुळ्यांपैकी एक म्हणाली. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलली म्हणून तिला गप्प बसवण्यात आलं.

मार्ग भाचीनं काढला. पार्लरमधून तिनं एक लांबलचक गंगावन आणलं. ते रविवारी कठड्यावर टाकायचं. वहिनींनी खरे केस बुधवारी धुवायचे. रस्त्यावरून दोन्ही सारखेच दिसतील, ही शंका अर्थातच बाईंनी काढली आणि उपायही त्यांनीच सांगितला. गंगावनाला लाल रिबीन. रिबीन दिसली तर रविवार, नाहीतर कामाचा दिवस. गणिताची बुडालेली परीक्षा पुढच्या बुधवारी होईल, हेही त्यांनी जाता जाता जाहीर केलं.

रविवारी वहिनी कोरड्या केसांची वेणी घालून पहिल्या गाडीनं ताईकडे गेल्या. दोघी नदीच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसल्या. काही ठरवलेलं नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं. ताईनं वेणी सोडली आणि उगाचच पुन्हा घातली, लहानपणी घालायची तशी, जरा जास्तच घट्ट.

“दुखतंय का गं?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. दुखत होतं.

उन्हं कलली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. रविवार एवढा मोठा असतो, हे वहिनींना माहीतच नव्हतं.

रात्री घरी आल्या तर नवरा खुशीत होता. “सकाळी तू गॅलरीत बसली होतीस तेव्हा किती निवांत बोललो आपण! एकदासुद्धा मला तोडलं नाहीस.”

वहिनींनी गंगावन काढून कपाटात ठेवलं.

बुधवार आला. वहिनी केस धुऊन गॅलरीत बसल्या, डोळे मिटले. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. थोड्या वेळानं ते कुरकुरलं. चार छोटी अनवाणी पावलं जवळ आली. मागे केसांना हात लागला.

“ओढू नकोस गं.”

“तू घट्ट बांध. सुटली तर गणित.”

वहिनींना सगळं कळलं. ती रिबीन आहे, ती लाल आहे आणि आपण ती काढून टाकायला हवी, हेही कळलं. पण मौन होतं. आणि नदीचं पाणी अजून पायांना लागत होतं.

पावलं पळाली. खालून बसवाल्याचा आवाज आला. त्यात आनंद मावत नव्हता.

“वहिनी! रिबीन दिसली बरं का! सुट्टीच ना?”

वहिनींनी हात वर केला.

वरच्या मजल्यावर कुणीतरी सुस्कारा टाकून गादीवर पडल्याचा आवाज झाला. खाली काकांची किल्ली खिशात पडली. सावकाश ऊन वर आलं, कठडा ओलांडून वहिनींच्या पावलांशी पोचलं, मग पावलं ओलांडून दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. वर बाईंचा फोन वाजत होता.

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी त्यांची प्रार्थना जरा लांबली.